सातपुड्याचा बंदोबस्त आणि तेथील स्त्रिया

खानदेशच्या इतिहासावरील कोणतेंही जुनें पुस्तक उघडलें, तर पेशवाईच्या अखेरीनंतरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या हकीकतीस बहुधा 'भिल्लांचा बंदोबस्त' या अर्थाचें एखादें प्रकरण दिलेलें आढळतें. त्या प्रकरणाची मांडणीही ठरलेली असते. आधीं होळकरी दंगा, पेंढारी आणि दुष्काळ. मग डोंगरांतून उतरणाऱ्या भिल्लांच्या टोळ्या. मग इंग्रज अधिकाऱ्यांच्या निष्फळ मोहिमा. आणि शेवटीं औट्रमसाहेबांची भिल्ल पलटण, नाईकांच्या नेमणुका, तगाई, नांगर आणि शांतता. विद्यार्थिदशेंत हें प्रकरण मीं वाचलें आणि पुढें कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें. त्यांत खोटें असें फारसें कांहीं नाहीं. परंतु ही शांतता नेमकी कोणाच्या वांट्यास आली, हा प्रश्न त्या प्रकरणास सहसा कोणी विचारीत नाहीं. शरण आलेल्या नाईकांची नांवें त्यांत आहेत, पलटणींत भरती झालेल्यांची संख्या आहे, माफीचे जाहीरनामे आहेत. ज्या मुलखांत हें सारें घडलें त्या मुलखांतील निम्मी माणसें मात्र या हकीकतींत कैदी म्हणून येतात, नाहीं तर येतच नाहींत.

लढाईंतून बाहेर पडणाऱ्या देशांत स्त्रियांवर काय ओढवतें, याची चर्चा अलीकडे जगांत पुष्कळ होऊं लागली आहे. ३१ ऑक्टोबर २००० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें १३२५ क्रमांकाचा ठराव केला आणि तह, पुनर्वसन, न्याय या सर्वांत स्त्रियांचा विचार व सहभाग असला पाहिजे असें मान्य केलें. त्यामागें बोस्निया, रवांडा येथील ताजे अनुभव होते. पण हा विषय समजून घेण्यास आपणांस इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर, तोरणमाळच्या आसपासच्या डोंगरांत, तो दोनशें वर्षांपासून आपली वाट पाहत बसला आहे.

तोरणमाळ हें नांव आतां पुष्कळांस थंड हवेचें ठिकाण म्हणून माहीत आहे. शहाद्याहून निघालेली मोटार ऊस-कापसाचीं शेतें मागें टाकून सात पायरीच्या घाटानें वर चढते आणि साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीच्या विस्तीर्ण पठारावर येते. वर यशवंत तलाव आहे, गोरखनाथाचें देऊळ आहे, सीताखाईची खोल दरी आहे; महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. जुन्या तटबंदीचे अवशेषही आहेत. पावरा, भिल्ल, नहाल या लोकांचीं घरें येथें गांवठाण करून दाटीनें बसलेलीं नसतात. प्रत्येकजण आपल्या शेताच्या टेकाडावर वेगळा राहतो. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें, कारण एकट्या घरांतील एकट्या बाईवर रात्रीं चालून जाणें दाट वस्तीपेक्षां येथें किती सोपें असेल, हें त्यावरून कळतें.

हा सारा अक्राणीचा मुलूख. दक्षिणेस तापीचें सुपीक खोरें, उत्तरेस नर्मदा, पूर्वेस बडवानीचें राज्य. सपाटीवर ज्याचें राज्य असेल त्यानें डोंगरांतील नाईकांस कांहीं हक्क द्यावे, त्यांनीं गांवांची व वाटांची राखण करावी, अशी जुनी रीत होती. हक्क बुडाला म्हणजे राखणदारच लूट करी. ही रीत आपल्या दृष्टीस विचित्र वाटते, पण ती एक प्रकारची घडी होती. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती पार विसकटली.

१८०२ सालीं यशवंतराव होळकराच्या फौजेनें खानदेश तुडविला. तोरणमाळच्या पायथ्याचें सुलतानपूर, एके काळीं भरभराटीचें परगण्याचें ठाणें, त्या तडाख्यांत जें पडलें तें पूर्वीच्या वैभवाला पुन्हा चढलें नाहीं. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. गांवें ओस पडलीं, रान शेतांवर चढलें, आणि उपाशी माणसें डोंगरांतून खालीं व खालून डोंगरांत अशीं फिरूं लागलीं. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनीं यावर जो इलाज केला तो आपल्या इतिहासांतील अत्यंत लाजिरवाण्या प्रकरणांपैकीं आहे. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानें कोपरगांवीं भिल्लांस अभय देऊन जमविलें आणि पकडून विहिरींत लोटलें. पुढें त्रिंबकजी डेंगळ्याच्या अमलांत नारोबा तकीत नांवाच्या पाटलाकडे हें काम आलें. त्याच्या कारकीर्दींत पंधरा महिन्यांत पंधरा हजार जीव गेले, असा आकडा कॅप्टन ग्रॅहॅम यानें दिला आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरांत त्या काळच्या शिक्षांचें जें वर्णन आहे, त्यांत कडेलोट, तापलेल्या लोखंडावर बसविणें यांच्या जोडीला स्त्रियांस विद्रूप करणें, त्यांना धुरानें गुदमरवून मारणें आणि मुलांस दगडांवर आपटणें हेंही आलें आहे.

हे लेखक नव्या राज्याचे नोकर होते, हें विसरून चालणार नाहीं. जुन्या राज्याचें क्रौर्य जितकें गडद रंगवावें तितकें नवें राज्य उजळ दिसतें. म्हणून आकड्यांतून कांहीं वजा करावयाचें असेल तर खुशाल करावें, मीही करतों. पण वजाबाकी करूनही जें उरतें तें थोडें नाहीं, आणि तें आपल्याच माणसांनीं केलेलें आहे. शिवाय सपाटीवरचें आपलें घर तरी काय स्वच्छ होतें? पेशवाईंत कुणबिणींची उघड खरेदी-विक्री होत असे. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या खालच्या जातीच्या बाईस सरकारांत बटीक करून ठेवीत. सरकारी कोठ्या, पागा, कारखाने यांतून अशा स्त्रिया राबत. दुष्काळाच्या दिवसांत तर पोटचीं मुलें विकलीं जात. डोंगरांतील बाईवर जो अत्याचार झाला तो रानटी मुलखाचा अपवाद नव्हता. पुण्याच्या कारभारांत जी दृष्टि मुरली होती तिचेंच तें नागडें रूप होतें.

१८१८ सालीं राज्य पालटलें आणि कॅप्टन ब्रिग्ज खानदेशांत आला. पहिलीं सात वर्षें इंग्रजांनींही तलवारीचाच मार्ग धरला. डोंगरांत फौजा गेल्या, हिंवतापानें शिपाई मेले, एक नाईक फांसावर चढला कीं दुसरा उभा राही. अखेर १८२५ सालीं मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणानें भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, आणि धरणगांवीं लेफ्टनंट औट्रम यानें भिल्लांचीच पलटण उभारण्यास आरंभ केला. वाघाच्या शिकारी करणारा, भिल्लांबरोबर दारू पिणारा, एकटा त्यांच्या रानांत निजणारा हा तरुण अधिकारी पुढें मोठा सेनापति झाला आणि त्याच्या या पराक्रमाच्या कथा इंग्लंडांत शाळेच्या पुस्तकांपर्यंत गेल्या. त्या कथेचा आरंभ मात्र लवकर विसरला जातो. पहिल्या छाप्यांत पुरुष पळाले आणि बायकामुलें सांपडलीं. त्या कैद्यांच्या आप्तांमार्फत नाईकांशीं बोलणें सुरू झालें. औट्रमनें त्या स्त्रियांस वाईट वागविलें असें मला सुचवावयाचें नाहीं. त्या काळाच्या मानानें तो दयाळूच होता. पण सातपुड्यांतील शांततेचा पहिला धागा पकडलेल्या बायकांच्या गांठीनें जोडला गेला, हें खरें. पुढें तेंच साधन मोठ्या प्रमाणावर वापरलें गेलें. ११ एप्रिल १८५८ रोजीं खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या लोकांशीं अंबापाणी येथें लढाई झाली, तेव्हां पकडलेल्या पुरुषांस गोळ्या घातल्या आणि शेंकडों स्त्रिया कैद करून नेल्या. त्या लढणाऱ्या नव्हत्या. त्या ओलीस होत्या.

आतां तहाच्या अटी पाहा. जो हत्यार ठेवील त्यास माफी, नाईकास नेमणूक, तरुणास पलटणींत पगार, ज्यास शेती करावयाची त्यास जमीन, बी, बैल व तगाई. धोरण शहाणपणाचें होतें, त्यानें हजारों जीव वांचले. परंतु यांतील प्रत्येक अट पुरुषाशीं केलेली होती. आणि त्याच वेळीं त्या पुरुषाकडून कांहीं काढूनही घेतलें होतें. लुटीची मोहीम, हक्क वसूल करण्यासाठीं सपाटीवर उतरणें, नाईकाच्या शब्दाला गांवच्या पाटलानें भिणें, ज्यांवर डोंगरांतील पुरुषाचा मान उभा होता त्या साऱ्या गोष्टी एकदम बंद झाल्या. तो आतां सरकारचा शिपाई झाला, किंवा सावकाराचा कर्जदार झाला. ज्याच्यावर त्याचें अजून राज्य होतें असें एकच ठिकाण उरलें, तें त्याचें घर.

येथें डाकिणीचा विषय येतो.

सातपुड्यांत माणूस किंवा गुरूं अकस्मात् आजारी पडलें, पोर दगावलें, तर तें कोणीतरी 'खाल्लें' अशी समजूत आहे. खाणारी ती डाकीण. ती कोण हें सांगणारा तो बडवा किंवा भगत. बडवा पुरुष असतो आणि डाकीण, क्वचित् अपवाद सोडल्यास, स्त्री असते. त्या काळच्या अधिकाऱ्यांनीं लिहून ठेवलेल्या परीक्षांचे प्रकार वाचवत नाहींत. डोळ्यांत मिरचीची पूड भरणें, झाडाला टांगून झोंके देणें, पोत्यांत घालून पाण्यांत सोडणें. कबूल झाली तर डाकीण ठरली, न झाली तर निगरगट्ट डाकीण ठरली. मग गांवाबाहेर घालविणें, किंवा ठार करणें. सर जॉन माल्कम यानें १८२३ च्या आपल्या ग्रंथांत, आधींच्या तीस वर्षांत मध्य हिंदुस्थानांत दोन हजारांहून अधिक स्त्रिया डाकिणी म्हणून मारल्या गेल्याची गणना दिली आहे. हीं तीस वर्षें कोणतीं? १७९० पासून १८२० पर्यंतचीं. म्हणजे शिंदे-होळकरांच्या झुंजी, पेंढाऱ्यांच्या धाडी, दुष्काळ, आणि शेवटीं १८१८ मध्यें फौजांबरोबर दक्षिणेंत पसरलेली पटकीची सांथ, यांचींच तीं वर्षें. माणसें पटापट मरत होतीं आणि कां मरतात हें कोणालाच कळत नव्हतें. ज्यानें घर जाळलें तो होळकराचा स्वार हातीं लागणारा नव्हता. ज्यानें विहिरींत लोटलें तो सुभेदारही नव्हता. हातीं लागणारी होती ती शेजारच्या टेकाडावरची विधवा.

हा कांहीं भिल्लांचा स्वभावविशेष नव्हे. युरोपांत तीस वर्षांचें युद्ध ऐन भरांत असतां, १६२६ ते १६३१ या काळांत, बांबेर्ग आणि व्युर्त्सबुर्ग या जर्मन संस्थानांत चेटकिणींच्या नांवाखालीं शेंकडों माणसें जाळलीं गेलीं. इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांचें युद्ध चाललें असतां १६४५ ते १६४७ मध्यें मॅथ्यू हॉप्किन्स नांवाचा इसम गांवोगांव फी घेऊन चेटकिणी शोधीत हिंडत होता. तेथील बडव्यांना लॅटिन येत होतें आणि त्यांच्याजवळ छापील पुस्तकें होतीं, एवढाच काय तो फरक.

आतां खरा प्रश्न असा कीं, युद्ध संपल्यावर हें थांबलें कां नाहीं? नव्या सरकारनें डाकीण म्हणून बाईस मारणें हा खून ठरविला. शेजारच्या उदयपूर संस्थानांतही १८५३ मध्यें या प्रथेस बंदी झाली. अजय स्कारिया या इतिहासकारानें १९९७ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील डाकीणप्रथेवर निबंध लिहिला आहे. त्यांत या हिंसेंतील अनाठायीं क्रौर्यावर त्यानें बोट ठेविलें आहे. रोग घालवावयाचा असेल तर बाईला इतक्या परोपरीनें छळण्याची गरज काय? मला वाटतें कीं त्या छळांतच त्याचें उत्तर आहे. ज्या समाजांतील पुरुषाचें सारें बाहेरचें बळ काढून घेतलें गेलें, त्याला आपण अजून बलवान् आहों हें दाखविण्याची जागा हवी होती. सरकारनें डोंगरांतून हत्यार काढून घेतलें. तें घरांतून काढून घेण्याचा विचार त्याला सुचला नाहीं. खून झाला तर खटला होई; परंतु हांकलून दिलेल्या, दंड घेतलेल्या, नागवलेल्या बाईचा खटला कोण चालविणार? तो 'त्यांच्या पंचांचा' विषय. नव्या राज्यकर्त्यांना पंच हवे होते, कारण पंचांमुळें बंदोबस्त स्वस्तांत राही.

डोंगरांतील स्त्री सपाटीवरच्या आपल्या बायकांपेक्षां स्वतंत्र असते, असें नेहमीं म्हणण्यांत येतें, आणि तें पुष्कळ अंशीं खरें आहे. तिच्या लग्नांत हुंडा नाहीं, उलट तिच्या बापास देज मिळतें; नवरा सोडून दुसरें घर करण्याची तिला मोकळीक आहे; वैधव्यांत केशवपनाचा जाच तिनें कधीं सोसला नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीनें बंगल्यांत बसून स्त्रीस्वातंत्र्यावर व्याख्यानें दिलीं तेव्हां ही बाई एकटी बाजार करून येत होती. तथापि जमीन तिच्या नांवावर नसे, देवाच्या कार्यांत तिला पुढें जागा नसे, पंचांत ती बसत नसे. आणि ज्या विधवेच्या ताब्यांत नवऱ्याचें शेत राहिलें असेल, ज्या बाईला मूल नसेल, जी तोंडानें फटकळ असेल, तिच्याकडेच बडव्याचें बोट वळण्याचा संभव अधिक. दीर किंवा पुतण्या हा तक्रार करणारांत असावा, हा योगायोग इतक्या वेळां घडतो कीं त्याला योगायोग म्हणणें कठीण आहे.

पुढचीं शंभर वर्षें मी भराभर ओलांडतों. सावकार व जमीनदार यांनीं तापीकांठचीं शेतें घेतलीं. मालक होता तो सालदार झाला. १८७८ च्या अबकारीच्या कायद्यानें मोहाची दारू घरची राहिली नाहीं, मक्तेदाराची झाली. पूर्वीं सणासुदीस घरांत गाळली जाणारी वस्तु आतां रोख पैशानें रोज मिळूं लागली. तिचा शेवट बाईच्या पाठीवर कसा होतो हें सांगण्याची गरज नाहीं. १९३८ च्या सुमारास तळोद्याकडे मोरवड येथें गुलाम महाराजांनीं दारू सोडा, स्वच्छ राहा असा उपदेश करून आरतीला हजारों लोक जमविले, तेव्हां त्या गर्दींत बायका मोठ्या होत्या यांत नवल कसलें?

परंतु या सर्व हकीकतींत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९७२-७३ चा प्रसंग. आणि तो तोरणमाळच्या अगदीं पायथ्याशीं, शहादें तालुक्यांत घडला. तेथें जमिनीसाठीं व मजुरीसाठीं आदिवासींचा लढा पेटला होता. २ मे १९७१ रोजीं पाटीलवाडी येथें गोळीबार होऊन रक्त सांडलें होतें. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा त्यांच्यांतूनच निघालेला पुढारी होता. १९७२ मध्यें श्रमिक संघटना उभी राहिली. म्हणजे पुन्हा एकदां लढाईचा काळ होता, पुन्हा पुरुषांचे हक्क, पुरुषांची मजुरी, पुरुषांच्या जमिनी हा विषय होता. पण या वेळीं बायकांचें शिबिर भरलें, आणि सभेंत एका बाईनें दुसरीच गोष्ट काढली. तिच्या गांवीं दारूचे गुत्ते आहेत आणि नवरे मारतात. तर सगळ्याजणींनीं आपल्याबरोबर गांवीं यावें. बायका उठल्या आणि गेल्या. गुत्ते फोडले, माठ फोडले. मग तसेंच दुसऱ्या गांवीं, तिसऱ्या गांवीं. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत उभें करून माफी मागावयास लावण्यापर्यंत हें प्रकरण गेलें. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनीं या चळवळीवर लिहिलें, त्यामुळें ती हकीकत जगभर वाचली गेली. आपल्याकडे ती किती घरांत माहीत आहे, हा प्रश्न वेगळा.

संघटनेंतील कांहीं पुरुषांस तेव्हां असें वाटलें असणें स्वाभाविक होतें कीं, मोठा लढा चालू असतां हें घरगुती भांडण मध्यें कशाला. हा आक्षेप सातपुड्यापुरता नाहीं. प्रत्येक लढ्यांत तो निघतो, आणि 'आधीं शांतता होऊं द्या, मग बघूं' असें त्याचें स्वरूप असतें. शहाद्याच्या बायकांनीं तें ऐकलें नाहीं. त्यांच्या पणज्यांनीं १८२५ ची शांतता पाहिली होती.

दारूविरुद्ध जें उभें राहिलें तें डाकिणीच्या प्रथेविरुद्ध मात्र तितक्या सहज उभें राहत नाहीं. गुत्ता बाहेरच्याचा असतो. डाकीण म्हणणारा आपल्या घरचा असतो, आणि पुष्कळदां म्हणणारींत बायकाही असतात. ज्या बाईचें पोर तापानें गेलें तिला उत्तर हवें असतें, आणि दवाखाना दूर व बडवा जवळ असतो. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा नंदुरबार जिल्हा झाला. रस्ते आले, आश्रमशाळा आल्या. तरीही अक्राणी, धडगांव, मोलगी या भागांतून बाईस डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गांव सोडावयास लावल्याच्या बातम्या गेल्या कांहीं वर्षांतही आल्या आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या भागांत प्रबोधन करीत आले आहेत. त्या समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, त्यानंतर चार दिवसांत जादूटोण्याविरुद्धचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत कायदा झाला. करणी-चेटूक यांच्या नांवाखालीं कोणास मारहाण करणें, नग्न धिंड काढणें, तिच्या रोजच्या व्यवहारावर बंदी घालणें हा आतां गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

कायदा चांगला आहे. तो मारणाऱ्याला शिक्षा देतो. पण जिला गांव सोडावें लागलें ती परत कोठें जाणार? ज्या घरांतून तिला काढलें तें घर कोणाचें आहे? पोलीस ठाण्यांत तक्रार जाते, चार दिवसांनीं दोन्हीकडचे पुरुष बसतात, गांवांत शांतता राहावी म्हणून समेट होतो. शब्दसुद्धां तेच आहेत: समेट, बंदोबस्त, शांतता. म्हणून डाकिणीच्या प्रश्नाची मुळें बडव्याच्या मंत्रांत शोधण्यापेक्षां सातबाराच्या उताऱ्यांत शोधावीं, असें मला वाटूं लागलें आहे.

आणि त्या बाजूस कांहीं हालचाल झाली आहे. १९५६ चा हिंदु वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाहीं. त्याच्या दुसऱ्या कलमानेंच त्यांना वगळलें आहे. त्यामुळें सपाटीवरच्या माझ्या मुलीला जो हक्क आपोआप मिळाला तो तोरणमाळच्या मुलीला रूढीच्या मर्जीवर राहिला. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यांत आदिवासी स्त्रीच्या वारसांस वडिलार्जित मिळकतींत समान वांटा दिला. केवळ स्त्री म्हणून तिला वगळणें समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. एका कुटुंबाचा निकाल अक्राणीच्या टेकाडांपर्यंत पोहोंचण्यास वेळ लागेल.

त्याच्या आधींच पोहोंचलेली एक गोष्ट आहे. २००६ चा वनहक्क कायदा. सातपुड्यांतील पुष्कळशी शेती वनखात्याच्या हद्दींत आहे, त्यामुळें या कायद्याखालीं मिळणारा दाखला तेथें फार मोलाचा मानतात. त्यासाठीं लोकांनीं वर्षानुवर्षें मोर्चे काढले. त्या कायद्याच्या चौथ्या कलमांत एक लहानसें पोटकलम आहे: विवाहित असल्यास हक्क नवरा व बायको या दोघांच्या नांवें संयुक्त नोंदवावा, आणि घर एकट्या माणसानें चालविलेलें असल्यास, मग तें माणूस विधवा कां असेना, त्या एकट्याच्या नांवें नोंदवावा. १८२५ सालीं शरण आलेल्याला तगाई देतांना सरकारी कागदावर एकच नांव पुरे होत असे. आतां कायद्याप्रमाणें त्या कागदावर दोन नांवें लागतात.